गल्ली बदलली की इंटरनेट का बदलतं?

येडशीचा नकाशा पाहिला तर या गावाला इंटरनेटची वानवा असेल असं वाटणार नाही. सोलापूर–धुळे महामार्ग गावाला लागून जातो. बार्शीकडून लातूरकडं जाणारी वाहतूक इथंच त्याला येऊन मिळते. कुर्डुवाडी–लातूर मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे. महामार्ग चौपदरी झाला तेव्हा तर प्रकल्पाच्या नावातच गाव होतं : येडशी–औरंगाबाद, सुमारे 190 किलोमीटर. आणि लांब पल्ल्याच्या फायबर केबल जातात त्या महामार्गाच्या नाहीतर रुळांच्या कडेनं. रुळांच्या कडेच्या फायबरसाठी रेल्वेनं 2000 साली रेलटेल नावाची वेगळी कंपनीच काढली.

तरीही येडशी काय, ढोकी काय किंवा मुरूड काय, अशा गावांतलं चित्र साधारण ठरलेलं असतं. चौकातल्या दुकानदाराकडं कनेक्शन विकायला दोघं-तिघं येऊन जातात, राउटर फुकट देतो म्हणतात. आतल्या आळीत एकच केबलवाला असतो आणि तो सांगेल तो दर. गावाबाहेर शेतातल्या वस्तीवरून फोन केला तर पलीकडून उत्तर येतं, "दादा, तुमच्याकडं फिजिबल नाही." तिघांचं अंतर मोजलं तर दोन-तीन किलोमीटर भरणार नाही.

महामार्गाच्या कडेची केबल गावाच्या कामी का येत नाही, हे आधी बघू. फास्ट गाडी स्टेशनातून धडधडत निघून जाते, प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला तिचा उपयोग शून्य. दोन शहरं जोडायला टाकलेली केबलही अशीच असते. तिच्यातून मधेच कुठंही थोडं इंटरनेट काढून घेता येत नाही. त्यासाठी त्या ठिकाणी खोली, वीज, बॅटऱ्या, यंत्रं आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. जिथं हे सगळं मांडलंय, तिथंच केबल थांबते.

थांब्याचं राजकारण या भागाला नवं नाही. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं उभी केलेली बार्शी लाईट रेल्वे 1897 मध्ये बार्शीपर्यंत आली आणि 1911 मध्ये लातूरला पोचली. ती छोटी गाडी येडशीवरून जायची. जिल्ह्याचं ठिकाण असलेल्या धाराशिवला मात्र रूळ ब्रॉडगेज होईपर्यंत, म्हणजे जवळपास शतकभर, स्टेशन नव्हतं. इंटरनेटनं हा क्रम उलटा केला. टेलिफोनचं मोठं एक्सचेंज, कलेक्टर कचेरी, बँका, कॉलेजं सगळी जिल्ह्याच्या गावी. म्हणून केबलचा पहिला थांबा तिथं. येडशीच्या वाट्याला तिथून पुढं ओढलेली शाखा येते.

त्या शाखेचं शेवटचं टोक कधीतरी खांबाखाली उभं राहून बघावं. हात पुरणार नाही अशा उंचीवर प्लास्टिकचा एक डबा बांधलेला असतो. आत एक बारीक फायबर जातं, केसाएवढ्या जाडीचं. आत काचेचा स्प्लिटर असतो, तो त्या एका प्रकाशाचे आठ वाटे करतो, आणि खालून आठ काळ्या वायरी आठ घरांकडं निघतात. या डब्याच्या आधीही कुठंतरी एक वाटणी झालेली असते. सध्या घरोघर वापरात असलेल्या जीपॉन पद्धतीत केबलवाल्याच्या खोलीतल्या यंत्राचं एक तोंड सेकंदाला सुमारे 2.5 गिगाबिट माहिती सोडतं आणि ती साधारण 32 किंवा 64 घरांत वाटली जाते. 64 वाटे म्हणजे प्रकाश सहा वेळा निम्मा करायचा. घरात पोचतो तो मूळ उजेडाचा चौसष्टावा भाग, प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण प्रत्येक जॉइंट थोडा थोडा खातो. कारागीर मीटर लावून बघतो तो हाच उरलेला उजेड. उणे वीसच्या आसपास आकडा आला की तो खूश. उणे सत्तावीसच्या खाली गेला की राउटरवर लाल लाईट लागलीच म्हणून समजा.

डब्याला तोंडं आठच. नववं घर कितीही पैसे द्यायला तयार असलं तरी त्याला ऐकावं लागतं, "डबा फुल्ल आहे, नवीन स्प्लिटर आला की सांगतो." एकाच गल्लीत एका घरी कनेक्शन आणि शेजारी नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. त्यात कोणाचं राजकारण नसतं, कंपनीचा डावही नसतो.

पण नवा डबा बसवायचा की नाही, हे कोण आणि कशावरून ठरवतं? इथं हिशेब मांडायला हवा. आकडे समजुतीपुरते धरू. खांबावरून फायबर ओढायला, मजुरी धरून, मीटरला 20 रुपये. गावातली एक आळी : 500 मीटर, दीडशे घरं. खर्च 10 हजार. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्यानं, म्हणजे 50 घरांनी, कनेक्शन घेतलं तर घरामागं 200 रुपये पडले. आता वस्ती : गावापासून दोन किलोमीटर, सहा घरं. खर्च 40 हजार. सहाच्या सहा घरांनी कनेक्शन घेतलं तरी घरामागं साडेसहा हजारांच्या वर. महिन्याच्या बिलातून सगळा खर्च जाऊन केबलवाल्याच्या हातात कनेक्शनमागं 100 रुपये राहतात असं धरलं, तर आळीतले पैसे दोन महिन्यांत वसूल होतात. वस्तीवरचे व्हायला साडेपाच वर्षं लागतात. तोवर वायर दोनदा बदलावी लागली असेल.

आता दुसरी कंपनी आणा. आळीत ग्राहक निम्मे झाले, 25 आले, तरी तिचे पैसे चार महिन्यांत सुटतात. नुसत्या हिशेबानं पाहिलं तर ती येणारच. तिसरीही येईल. वस्तीवर तीनच घरं मिळाली तर तिला अकरा वर्षं थांबावं लागेल. ती येणार नाही, आणि ती येणार नाही हे पहिल्याला पक्कं ठाऊक असतं. दराचं सगळं कोडं या एका वाक्यात आहे. फायबरचा उजेड तसा वीस किलोमीटर सहज जातो. धाराशिवहून येडशीला यायला तो दमत नाही. वस्ती त्याच्या टप्प्यात असते, हिशेबाच्या टप्प्यात नसते. आणि खांबाऐवजी जमिनीतून केबल न्यायची म्हटलं, की चर खणणं, रस्ता फोडणं, तो पुन्हा भरून देणं आलं. मग वरचा आकडा कितीतरी पटींनी वाढतो.

यावर कोणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांचे दर तर देशभर सारखे असतात. जिओनं 2019 च्या सप्टेंबरात घरगुती फायबर आणलं तेव्हा सुरुवात 699 रुपयांपासून होती. वर्षभरात 399 चा प्लॅन आला, 18 टक्के जीएसटी धरून 471. ही किंमत मुंबईला तीच आणि लातूरला तीच. खरं आहे. पण प्लॅन सारखा असून भागत नाही, तो तुमच्या खांबापर्यंत यावा लागतो. शिवाय छापील दरापलीकडं बरंच काही असतं : जोडणीचे पैसे माफ की नाहीत, राउटर फुकट की विकत, एक महिन्याचे भरायचे की सहा महिन्यांचे आगाऊ, वायर जास्त लागली तर मीटरचे वेगळे किती. स्पर्धा असली की या सगळ्या अटी सैल होतात, नसली की आवळतात. आपल्याकडं दर सरकार ठरवत नाही. दूरसंचार नियामक, म्हणजे ट्राय, इंटरनेटचे दर कंपन्यांवर सोडते. कंपनीनं ते जाहीर करावेत आणि नियामकाला कळवावेत एवढी अपेक्षा. दर खाली ओढणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे शेजारच्या खांबावर दुसऱ्याची वायर.

मग लहान स्थानिक कंपन्या का वाढत नाहीत? बार्शीत एखाद्याचा चांगला धंदा चालू आहे, त्यानं येडशीला यावं. यात एक अदृश्य सीमा आडवी येते. इंटरनेट सेवेचं लायसन्स अ, ब आणि क अशा वर्गांचं. अ देशभराचं, ब साधारण राज्याएवढ्या सर्कलचं, आणि क वर्गाचं टेलिफोनच्या जुन्या विभागणीतल्या एका भागापुरतं, म्हणजे ढोबळमानानं एका जिल्ह्याचं. लहान माणसाला परवडतं ते क. बार्शीचा एसटीडी कोड 02184, सोलापूर विभागातला; धाराशिवचा 02472. बार्शी तालुक्यातल्या पांगरीपर्यंत आलेल्या क वर्गाच्या माणसाला रस्ता तोच असला तरी येडशीला यायला दुसरं लायसन्स, दुसरा हिशेब, दुसरे कागद. निजामाचा मुलूख आणि इंग्रजांचा मुलूख यांची जी हद्द याच भागातून जायची, ती जिल्ह्याच्या हद्दीच्या रूपानं अजून इंटरनेटलाही आडवी येते, हे मला गमतीचं वाटतं.

म्हणून गावात प्रत्यक्षात भेटतो तो जुना केबल टीव्हीवाला. वायर ओढायची सवय, घराघरांशी ओळख आणि महिन्याच्या महिन्याला पैसे गोळा करणारा पोरगा, हे तीन भांडवल त्याच्याकडं आधीच होतं. टीव्हीचे ग्राहक डीटीएच आणि मोबाईलकडं गेले, तसा तो मोठ्या कंपनीची फ्रँचायजी घेऊन इंटरनेट विकू लागला. मोठ्या कंपनीचं नाव, याची वायर, पैशात वाटणी. गावाच्या दृष्टीनं ही सोय चांगली. वायर तुटली तर टोल फ्री नंबरवर गाणी ऐकत बसण्यापेक्षा त्याच्या दारात जाऊन उभं राहता येतं. पण दोन केबलवाल्यांनी गाव आपसांत वाटून घेतलं असेल, ही आळी तुझी ती माझी, तर गावात कागदावर दोन कंपन्या असूनही प्रत्येक घराला पर्याय एकच उरतो.

आणि दर सारखा असला तरी माल सारखा असतोच असं नाही. समजा केबलवाल्यानं 200 घरांना 50 एमबीपीएसचं कनेक्शन विकलं. सगळ्यांनी एकदम पूर्ण वेगानं वापरायचं ठरवलं तर त्याला 10 गिगाबिट वरून विकत घ्यावे लागतील. तो घेतो एखादा गिगाबिट. ही फसवणूक नाही, जगभर धंदा असाच चालतो, कारण सगळे एकदम कधीच वापरत नाहीत. आपल्याकडं 2009 मध्ये ट्रायनं घरगुती ग्राहकांसाठी हे प्रमाण एकास पन्नासपर्यंत चालेल असं ठरवलं होतं. प्रश्न रात्री नऊचा, आयपीएलच्या दिवसांतला. समुद्राखालच्या केबल देशात येतात त्या मुख्यतः मुंबई आणि चेन्नईला. तिथून पुढं जितकी मोठी खरेदी, तितका भाव स्वस्त. दोनशे घरांसाठी घेणाऱ्याला तो भाव कधीच मिळत नाही. मग तो खरेदीत हात आखडता घेतो आणि तुमच्या टीव्हीवर गोल फिरत राहतं.

येडशीची आणखी एक बाजू रामलिंगची. येडशी रामलिंग घाट हे 1997 पासून अभयारण्य आहे. अभयारण्यातून केबल न्यायची तर वनखात्याची परवानगी हवी, आणि एवढा खटाटोप करून मधे ग्राहक एकही नाही. 2024 च्या अखेरीस यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ काही शे किलोमीटर चालत इथं येऊन राहिला; त्यानं कोणाकडं परवानगी मागितली नाही, केबलला तशी मुभा नाही. माकडांचाही विचार करावा लागतो. वाराणसीत घाटाकाठी टाकलेलं फायबर माकडांनी चावून टाकल्याच्या बातम्या 2015 मध्ये आल्या होत्या. रामलिंगला जाऊन आलेल्या कोणालाही त्याचं नवल वाटणार नाही.

वायरीचा हा सगळा जाच टाळून हवेतून इंटरनेट देण्याचा मार्ग आता निघाला आहे. देशात 5जी 1 ऑक्टोबर 2022 ला सुरू झालं आणि 2023 मध्ये एअरटेल आणि जिओ, दोघांनीही एअरफायबर नावानं घरगुती सेवा आणली. गच्चीवर एक डबा, टॉवरकडं तोंड करून. वस्तीला याचा खरा फायदा आहे, कारण दोन किलोमीटर वायरीचा प्रश्नच मिटतो. फक्त टॉवरची क्षमता मोबाईलवाल्यांत आणि डबेवाल्यांत मिळून वाटली जाते, म्हणून कंपनी एका टॉवरवर हवे तितके डबे देत नाही. खांबावरचा डबा फुल्ल व्हायचा, तसा इथं टॉवर फुल्ल होतो. तरी आपला देश मुळात हवेवरच चालतो : 2024 च्या अखेरीस ब्रॉडबँडचे सुमारे 94 कोटी ग्राहक, त्यात वायरीवरचे जेमतेम चार कोटी.

आकाशाचा पर्यायही दाराशी आला आहे. 5 नोव्हेंबर 2025 ला महाराष्ट्र सरकारनं स्टारलिंक या उपग्रह-इंटरनेट कंपनीबरोबर इरादापत्रावर सही केली, असं करणारं हे पहिलं राज्य. सरकारी संस्था आणि मागं राहिलेला ग्रामीण भाग उपग्रहानं जोडायचा, आणि त्यासाठी नावं घेतली ती गडचिरोली, नंदुरबार, वाशिम आणि धाराशिव. नीती आयोगाच्या 2018 च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातले हेच चार होते. गडचिरोलीचं जंगल आणि नंदुरबारचा सातपुडा समजू शकतो. पण चौपदरी रस्ता आणि ब्रॉडगेज रेल्वे असलेल्या, बहुतांशी सपाट माळाच्या धाराशिवला उपग्रह का लागावा? डोंगर-नद्यांनी येतो तो दुर्गमपणा वेगळा. इथला दुर्गमपणा मीटरमागं घरं किती, या भागाकारातून आलेला आहे. त्याचा उपाय जमिनीवरच आहे, आणि तो उपग्रहापेक्षा स्वस्त पडावा.

तो उपाय अर्धा करून ठेवलेलाही आहे. 2011 च्या ऑक्टोबरात केंद्रानं प्रत्येक ग्रामपंचायतीला फायबरनं जोडायची योजना मंजूर केली. तिलाच 2015 पासून भारतनेट म्हणतात. महाराष्ट्रात पहिला टप्पा बीएसएनएलनं केला, दुसरा राज्यानं महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत, महानेट नावानं. कल्पना चोख होती : सर्वांत महागडा टप्पा, तालुक्यापासून गावापर्यंतचा, सरकारनं स्वतः टाकायचा आणि पुढं कोणालाही वापरायला द्यायचा. पण केबल पंचायतीच्या कचेरीत येऊन थांबली. कचेरीपासून घरापर्यंतचा तुकडा कोणाच्याच नावावर नव्हता. शिवाय पहिल्या टप्प्यात गावं एका सरळ रेषेत ओवलेली. मधे कुठं जेसीबीनं केबल तोडली की पलीकडची सगळी गावं बंद. रस्ते रुंद होण्याच्या त्या दशकात जेसीबी कुठं नव्हता? 2023 च्या मार्चमध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप आलं, खणण्याआधी खाली कोणाची केबल आहे ते कळावं म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुधारित भारतनेटसाठी 1 लाख 39 हजार कोटी रुपये मंजूर झाले. आता गावं गोल कड्यात जोडायची आहेत, म्हणजे एक बाजू तुटली तरी दुसरीकडून सेवा चालू राहील. आणि गावातल्याच उद्योजकांना उत्पन्नात वाटा देऊन दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या द्यायचं ठरलं आहे. त्या सोडून दिलेल्या तुकड्याला उशिरा का होईना, धनी मिळाला.

केरळनं हा तुकडा आधीच हातात घेतला. तिथल्या केफोन या सरकारी कंपनीची सेवा 5 जून 2023 ला सुरू झाली. राज्याचं वीज मंडळ तिच्यात भागीदार, त्यामुळं केबल मंडळाच्याच खांबांवरून गेली, आणि सुरुवातीला सर्वांत लहान प्लॅन 299 रुपयांना 20 एमबीपीएस होता. स्टॉकहोम शहरानं त्याच्याही कितीतरी आधी, 1994 मध्ये, स्तोकाब नावाची कंपनी काढून शहरभर फायबर टाकलं आणि ते सगळ्या कंपन्यांना भाड्यानं दिलं. स्वतः ग्राहकाला इंटरनेट विकायचं नाही असं ठरवलं. वायर एकाची, दुकानं अनेक. उलट अमेरिकेत 2022 मध्ये द मार्कअप या वृत्तसंस्थेनं 38 शहरांतल्या आठ लाखांहून जास्त पत्त्यांवरचे प्लॅन तपासले, तेव्हा गरीब आणि गोरे कमी असलेल्या वस्त्यांना त्याच पैशात हळू इंटरनेट मिळत असल्याचं दिसलं. पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांतही एखादीच कंपनी आत आणि बाकीच्या गेटबाहेर, असा प्रकार असतोच. 2024 च्या ऑक्टोबरात ट्रायनं इमारतींना जोडणीच्या सोयीवरून मानांकन द्यायचे नियम केले, त्यातून काही सुधारलं तर बरं.

येडशीच्या वाचकाला यातलं हातात काय घेता येईल? कनेक्शन घेताना वेगाचा आकडा विचारण्याआधी खांबावर अजून कोणाची वायर आहे ते बघा. एकाचीच असेल तर सहा महिन्यांचे पैसे आगाऊ भरू नका, दुसरा आला तर अडकून पडाल. शेजारच्या दहा घरांना सोबत घेऊन एकदम मागणी करा. वरचा हिशेब पाहिलात तर केबलवाल्याचं उत्तर कशानं बदलतं ते कळेल. एकट्या घराला 'नाही' म्हणणारा दहा घरांसाठी स्प्लिटर शोधून काढतो. आणि तुमच्या आळीतला सिमेंट रस्ता पुढच्या खेपेला मंजूर होईल तेव्हा ग्रामसभेत हात वर करून एवढा ठराव मांडा : काँक्रीट पडण्याआधी रस्त्याच्या कडेनं दोन रिकामे पाईप पुरावेत, ते पंचायतीच्या मालकीचे राहावेत आणि येईल त्या कंपनीला एकाच दरानं भाड्यानं द्यावेत. चर उघडा असतानाच्या या पाईपांचा खर्च रस्त्याच्या मानानं किरकोळ असतो. काँक्रीट पडल्यावर तोच रस्ता फोडायचा खर्च मात्र पुढची कित्येक वर्षं तुमच्याच बिलात येत राहील.